एका घरातले दोन बाप्तिस्मे : एक प्रकरण अभ्यास

कुटुंबाची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. गाव, नोकऱ्या, वयं बदलली आहेत. भांडण जसं झालं तसंच ठेवलं आहे. नावांऐवजी आई, थोरला, धाकटा आणि धाकटी सून असंच म्हणते. मी कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते आणि स्वतः मराठी ख्रिस्ती आहे. त्यामुळे या घरातली भाषा, भजनं, रुसवेफुगवे मला आधीपासून ठाऊक होते, आणि आपल्याला सगळं ठाऊक आहे या समजुतीतूनच माझी पहिली चूक झाली.

पार्श्वभूमी

कुटुंब नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं. ख्रिस्ती होऊन चौथी पिढी. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला आले. त्यांच्या शाळा-दवाखान्यांभोवती जी मंडळी, म्हणजे चर्चचा समाज, उभी राहिली तिच्यातलं हे एक घर. मिशनच्या मंडळ्या पुढे १९२४ मध्ये युनायटेड चर्चमध्ये गेल्या आणि १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या सीएनआयमध्ये. घरातल्यांना हा इतिहास पाठ होता असं नाही. त्यांच्या लेखी ते ‘आपलं देऊळ’. रविवारची उपासना, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं, नाताळच्या आधी आठवडाभर करंज्यांचा घाणा.

वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. मी या घरात पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. आई निवृत्त नर्स, सत्तरी ओलांडलेल्या, ब्लडप्रेशर आणि शुगर दोन्ही. थोरला शाळामास्तर आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीवर. तो आईजवळच राहतो. धाकटा चिंचवडला कारखान्यात. त्याची बायको पुण्यातल्याच एका पेंटेकॉस्टल घरातली.

धाकटा मधली दोन वर्षं गावी फारसा आला नव्हता. का, ते कुणी विचारलं नाही. विचारायचं नाही असं जणू घरात ठरलेलंच होतं. पहिल्या भेटीत मला हे सांगितलं गेलं, मी वहीत टिपलं, आणि पान उलटलं.

वाद कुठे पेटला

एका रविवारी आई देवळातून घरी आल्या, चपला काढता काढता फोन उघडला, आणि कुटुंबाच्या ग्रुपवर धाकट्याचा फोटो. पांढरा कुडता अंगाला चिकटलेला, हात वर, केसांतून पाणी ठिबकतंय. खाली एवढंच : ‘आज मी बाप्तिस्मा घेतला. प्रभूची स्तुती असो.’

त्यांनी फोन लावला. “मग आधी काय घेतला होतास?”

धाकट्यानं त्याला फेलोशिपमध्ये, म्हणजे तो जात होता त्या चिंचवडच्या पेंटेकॉस्टल मंडळीत, शिकवलं होतं तसं उत्तर दिलं. “आई, लहानपणी नुसतं पाणी शिंपडलं होतं. मला कळत तरी होतं का? तो बाप्तिस्मा नव्हे.”

‘शिंपडलं’ हा शब्द पुढे दोन वर्षं त्या घरात फिरत राहिला. आईंनी तो मला पहिल्याच भेटीत तीनदा ऐकवला.

आठ महिन्यांनी धाकट्याला मुलगी झाली. तिचा बाप्तिस्मा करायचा नाही, मोठी झाल्यावर ती स्वतः ठरवेल, असं त्यानं कळवलं. फेलोशिपच्या हॉलमध्ये बालसमर्पणाची, म्हणजे बाप्तिस्मा न देता बाळाला देवाच्या हाती सोपवण्याची, प्रार्थना झाली. तिचं निमंत्रण आईंना व्हॉट्सॲपवरच्या कार्डानं आलं आणि त्या गेल्या नाहीत. मग नाताळ. धाकटा बायको-मुलीला घेऊन आला. जेवणाआधीची प्रार्थना त्यानं आपणहून सुरू केली आणि ती दहा-बारा मिनिटं चालली. तिच्यात एक वाक्य आलं : या घरात ज्यांना अजून सत्य कळलेलं नाही त्यांचे डोळे उघड. आई उठून आत गेल्या. संध्याकाळी वडिलांच्या कबरीवर मेणबत्ती लावायला त्यानं नकार दिला. मेलेल्यांसाठी दिवे लावणं शास्त्रात नाही, म्हणाला. थोरल्यानं विचारलं, “बापाच्या कबरीवर मेणबत्ती लावायला तुझा देव आडवा येतो का?” धाकट्यानं त्याच रात्री गाडी काढली.

जानेवारीत थोरल्या सुनेनं मला फोन केला.

कोण काय म्हणत होतं

आईंच्या मंडळीत तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देतात. आईबाप त्याच्या वतीनं वचन देतात आणि मूल मोठं झालं की दृढीकरणात ते वचन स्वतःचं म्हणून घेतं. पेंटेकॉस्टल मंडळ्यांमध्ये आधी विश्वास, मग बाप्तिस्मा, आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवून. दोघांकडे बायबलमधली वचनं आहेत. आईंकडे फिलिप्पैच्या तुरुंगाच्या नायकाची गोष्ट : एका रात्रीत त्याच्यासकट त्याच्या घरच्या सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा घरात लेकरं नव्हती का? धाकट्याकडे मार्काच्या शुभवर्तमानाचं शेवटचं प्रकरण : जो विश्वास धरतो आणि बाप्तिस्मा घेतो. आधी विश्वास धरतो. क्रम बघा.

भांडण काही नवं नाही. १५२५ च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही मंडळींनी मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला, आणि दोनच वर्षांत त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला तिथल्या सुधारणावादी, म्हणजे प्रोटेस्टंट, सरकारनं लिम्मत नदीत बुडवून मारलं. पाण्यावरून भांडण, तर शिक्षाही पाण्यानंच. तिथल्या रिफॉर्म्ड चर्चनं याबद्दल जाहीर खेद व्यक्त करायला २००४ साल उजाडलं.

थोरल्याचं म्हणणं वेगळंच होतं. “ही अमेरिकेतून आलेली थेरं आहेत. टाळ्या, किंचाळणं, अन्य भाषा.” मी त्याला तेव्हा बोलले नाही, पण त्याचं स्वतःचं देऊळही अमेरिकेतून आलेल्यांनीच बांधलंय. आणि अन्य भाषांचं, म्हणजे प्रार्थनेच्या भरात अनोळखी भाषेत बोलण्याचं, म्हणाल तर दौंडजवळच्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुली रडत, मोठ्यानं प्रार्थना करत, अन्य भाषांत बोलत होत्या; पेंटेकॉस्टल चळवळ जिथून पसरली असं सहसा मानतात ती लॉस एंजेलिसची अझूसा स्ट्रीटवरची प्रसिद्ध सभा त्यानंतर, १९०६ मध्ये. शिवाय थोरला दर रविवारी ज्यांची भजनं पेटीवर वाजवतो त्या रेव्हरंड टिळकांनीच १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, आणि त्यात बाप्तिस्मा झालेल्यांसोबत न झालेल्यांनाही जागा ठेवली. ‘आपल्यात असं कधी नव्हतं’ हे वाक्य मराठी ख्रिस्ती घरात जरा जपूनच उच्चारावं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, काहीच करायचं नाही. थोरली सून हेच म्हणत होती; वर्षभरात शांत होतील. पण मूल वाढत होतं आणि आजीनं नातीला एकदाच मांडीवर घेतलं होतं.

दुसरा, दोन्हीकडच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, समोरासमोर बसवायचं. थोरल्याला हे हवं होतं, कारण आपले पाळकसाहेब जिंकतील अशी त्याची खात्री होती. गंमत म्हणजे धाकट्यालाही हेच हवं होतं.

तिसरा आईंनी मला एकटीला गाठून, आवाज खाली आणून सांगितला. नोकरीच्या काळात त्यांच्यासोबत कॅथलिक नर्सा होत्या. कॅथलिक नियमात मरणाच्या दारातल्या बाळाला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं; पाणी, त्रैक्याचं म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं नाव आणि तसा हेतू एवढं पुरतं. आईंनी रात्रपाळीला ते होताना पाहिलं होतं. “मी न्हाऊ घालताना दिला तर? कुणाला कळायचं नाही.”

मी म्हटलं, “मावशी, तुम्हाला कळेल ना. आणि कधीतरी तुम्हीच बोलून जाल.” त्या हसल्या. मग मी दुसरं कारण सांगितलं : ज्या दिवशी धाकट्याला हे समजेल, त्या दिवसापासून तो मुलीला तुमच्याकडे एकटी सोडणार नाही, आणि त्याला नावं ठेवता येणार नाहीत. शिवाय बाळ धडधाकट आहे. ज्या नियमाचा तुम्ही आधार घेताय तो मरणाऱ्या लेकरासाठी आहे. हे दुसरं त्यांना जास्त पटलं. नर्सच त्या. नियम कशासाठी असतो ते त्यांना कळतं.

चौथा पर्याय मला तेव्हा सुचलाच नाही : मतं बाजूला ठेवून प्रत्येकाला आपापल्या बाप्तिस्म्याच्या दिवसाबद्दल विचारणं. तो सुचायला मला पाच महिने लागले.

पहिला प्रयत्न, आणि तो का फसला

मी दुसरा पर्याय निवडला. दोघांना हवा होता, म्हणून सोपा वाटला. फेब्रुवारीत आईंच्या घरी बैठक झाली. मंडळीचे पाळकसाहेब, चिंचवडच्या फेलोशिपचे पास्टर, दोघे भाऊ, आई, मी. धाकटी सून आत बाळाला निजवत होती. तिला बाहेर बोलवावं असं कुणालाच वाटलं नाही, मलाही.

दोन्ही पाळक भली माणसं होती आणि दोघांची तयारी झक्क होती. तिथेच सगळं हातातून गेलं. अडीच तास वचनं. इफिसकरांस पत्रातला ‘एकच बाप्तिस्मा’ दोघांनीही आपल्या बाजूनं काढला; पाळकसाहेब म्हणाले, एकच, म्हणून दुसरा नाही; पास्टर म्हणाले, एकच, आणि खरा तोच. आई मध्येच म्हणाल्या, “ह्याला मी दुपट्यात गुंडाळून नेलं होतं.” पास्टर नम्रपणे म्हणाले, “ताई, भावना वेगळी, शास्त्र वेगळं.” पाळकसाहेबांनी मान डोलावली. त्या संध्याकाळी दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच वाक्यावर, आणि त्यानंतर आई काही बोलल्या नाहीत.

थोरल्यानं मोबाइलवर सगळं रेकॉर्ड केलं होतं. त्यातली आपल्या पाळकांची चार मिनिटं त्यानं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. धाकट्यानं ग्रुप सोडला.

इथे दोष माझा. बैठकीत रेकॉर्डिंग नको एवढी साधी अट मी घातली नव्हती. आणि वाद बाप्तिस्म्याचा आहे असं घरचे म्हणाले, ते मी तसंच्या तसं धरून चालले.

गोळ्यांचे चार दिवस

जूनमध्ये थोरल्याचा फोन आला. त्याचा आवाज वेगळा होता. आई सकाळी उठताना भिंत धरून बसल्या, प्रेशर खूप चढलेलं.

आई गोळ्यांच्या पाकिटावर मागच्या बाजूनं बॉलपेननं वार लिहितात. सोम, मंगळ, बुध. वॉर्डातली सवय. थोरल्यानं ते पाकीट माझ्या हातात दिलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, चारही गोळ्या चांदीच्या कागदाखाली तशाच.

फेलोशिपमधल्या एका बाईंनी धाकट्याकडून नंबर घेऊन आईंना फोनवर प्रार्थना करायला सुरुवात केली होती. त्यांनी सांगितलं : आजार बांधला गेलाय, आता विश्वासानं उभ्या राहा, गोळी म्हणजे संशय. चाळीस वर्षं दुसऱ्यांना वेळेवर गोळ्या देणाऱ्या बाईनं हे ऐकलं कसं? मी विचारलं. आई पाकिटाकडे बघत म्हणाल्या, “मला माहीत होतं चूक आहे ते. पण माझा विश्वास कमी पडला असं त्याला वाटायला नको.”

माझ्या दृष्टीनं हे प्रकरण इथे वळलं. मी वही मिटली आणि त्याच दिवशी धाकट्याला फोन केला. बाप्तिस्म्याचा विषय काढलाच नाही. वार लिहिलेल्या पाकिटाचा फोटो पाठवला आणि काय झालं ते सांगितलं. त्याला काहीच माहीत नव्हतं. नंबर त्यानं ‘आईसाठी प्रार्थना करा’ म्हणून दिला होता. तो गप्प झाला, मग म्हणाला, “मी निघतो.”

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहिते, कारण अशा घरांतून मला नेहमी विचारलं जातं. कुणी कसा बाप्तिस्मा घ्यावा, टाळ्या वाजवाव्यात की नाही, नाताळचं झाड लावावं की नाही, यावर मी मत देत नाही. औषध बंद करा असं सांगणं मात्र मतभेदाच्या खात्यात टाकायचं नाही. तिथे समुपदेशकानं सबुरी दाखवायची नसते, डॉक्टर आधी. धाकट्याचे पास्टरही यावर ठाम निघाले, त्यांनी त्या बाईंना स्वतः समज दिली. मी त्यांच्याकडून ही अपेक्षा केली नव्हती, म्हणजे माझ्याही मनात एक कप्पा तयार झालेला होता.

दुसरा प्रयत्न

धाकटा चार दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी मी गेले. या वेळी पाळक नाहीत, थोरला शाळेत, धाकटी सून माझ्या शेजारी. मी एकच नियम ठेवला : शास्त्रातलं वचन काढायचं नाही. मग आईंना म्हटलं, “ह्याच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी काय काय झालं ते सांगा. फक्त तो दिवस.”

आई उठल्या, ट्रंक उघडली, आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट एक झबलं आणलं. पांढरं मलमल, गळ्याशी निळ्या दोऱ्यानं घातलेली साखळी, एका बाहीवर पिवळा डाग. ते आत्यानं शिवलं होतं. वडील रात्रपाळी करून थेट देवळात आलेले, नखांत ग्रीस. पाळकांच्या हातात बाळ देताना झबल्याला हात लागू नये म्हणून त्यांनी ते दोन्ही मनगटांवर तोललं होतं, पंजे वर उचलून. आईंनी ते करून दाखवलं. “तरी बाहीला लागलंच. मी किती घासलं, निघेना.” मग धाकट्याकडे न बघता म्हणाल्या, “तुला काय वाटतं, तुझ्या बापानं नुसतं पाणी वाया घालवलं?”

धाकटा बराच वेळ बाहीवरचा डाग बघत होता. मग मी त्यालाही तेच विचारलं. तुझा दिवस सांग.

हॉलच्या गच्चीवर सिंटेक्सची मोठी टाकी कापून हौद केला होता. नऊ जण होते. त्याचा नंबर सहावा. आणि त्या दिवशी, तो म्हणाला, दारू सोडून त्याला एकेचाळीस दिवस झाले होते.

आईंना दारूचं माहीत होतं. थोडंफार. कंपनीतून काढलं होतं हे माहीत नव्हतं. पाच महिने तो डबा घेऊन घरातून निघायचा आणि निगडीच्या बस डेपोत बसून राहायचा हेही नाही. फेलोशिपमधला एक जण रोज संध्याकाळी सातला, म्हणजे प्यायला जायच्या वेळी, त्याच्या दारात येऊन उभा राहायचा. चाळीस संध्याकाळ. “बाबांचं काही पुसायचं नव्हतं मला, आई. मला माझंच...” पुढचं त्याला बोलता आलं नाही.

आईंनी विचारलं, “पाणी गार होतं का?”

“नाही. टाकी उन्हात होती.”

मी बाकी काही विचारलं नाही. आईंना तान्ह्या बाप्तिस्म्यात नवऱ्याचे ते उचललेले पंजे दिसत होते. धाकट्याला टाकीच्या पाण्यात तो एकेचाळिसावा दिवस. दोघांनी वर्ष-दीड वर्ष एकमेकांवर मार्क आणि इफिसकर फेकले. या दोन गोष्टी सांगितल्या नाहीत, कारण सांगायच्या तर ती दोन गाळलेली वर्षं आधी उघडावी लागली असती.

काय ठरलं

श्रद्धेबाबत कुणाचंही मत बदललं नाही. ठरल्या त्या दिवस-वारांच्या गोष्टी, आणि त्या कागदावर लिहिल्या. औषधाबद्दल डॉक्टरांशिवाय कुणी बोलायचं नाही. धाकटा रोज सकाळी आठला फोन करून ‘आज कोणता वार फोडला?’ असं विचारतो. जेवणाची प्रार्थना ज्याचं घर तो करील, आणि भाजी निवायच्या आत आमेन. दुसऱ्याचा उद्धार व्हावा अशी प्रार्थना ज्यानं त्यानं आपापल्या खोलीत करावी. ग्रुपवर प्रवचनांचे व्हिडिओ टाकायचे नाहीत. हे थोरल्याला जास्त जड गेलं. कबरीचं धाकट्या सुनेनं सुचवलं : मेणबत्ती आई लावतील, धाकटा खुरपं घेऊन गवत काढील आणि कठड्याला चुना मारील. चुना मारू नये असं शास्त्रात कुठे नाही, असं ती म्हणाली तेव्हा त्या घरात कितीतरी दिवसांनी सगळे एकदम हसले.

बाळाचा प्रश्न उरला. त्याची वाट पाळकसाहेबांनी काढली, आणि ती आईंच्याच चर्चच्या घटनेत होती. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चांनी मिळून सीएनआय उभं केलं, तेव्हा त्यात अँग्लिकन, मेथडिस्ट होते तसे बॅप्टिस्ट आणि डहाणूकडच्या मंडळ्यांसह ब्रदरन चर्चही होतं, जे तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत. म्हणून ऐक्याच्या योजनेतच दोन्ही रीती मान्य झाल्या : तान्हेपणी बाप्तिस्मा आणि पुढे दृढीकरण, किंवा तान्हेपणी समर्पण आणि पुढे स्वतःच्या विश्वासानं बाप्तिस्मा. नगरकडच्या देवळांत पहिलीच रीत चालत आलेली, त्यामुळे दुसरी आपल्याच घरात आहे हे पन्नास वर्षं कमिटीवर असलेल्यांनाही ठाऊक नव्हतं. फेब्रुवारीच्या त्या अडीच तासांत पाळकसाहेबांनीही हे काढलं नव्हतं. “तेव्हा मी वाद घालत होतो,” असं त्यांनी मला नंतर सरळ सांगितलं.

धाकट्याचा स्वतःचा पुन्हा घेतलेला बाप्तिस्मा मात्र ते मान्य करू शकत नव्हते. बाप्तिस्मा पुन्हा होत नाही ही सीएनआयची भूमिका आहे, आणि जागतिक चर्च परिषदेच्या १९८२ च्या लिमा दस्तऐवजातही तेच आहे. त्यांनी त्याला घरी बोलावून सांगितलं : आमच्या वहीत तुझा पहिलाच धरला जातो. तू दुसरा काय समजतोस ते देवाला माहीत. प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, तू आलास तर मी हात आखडणार नाही.

पुढे काय झालं

कमिटीत दोघांनी विरोध केला, ‘सोयीचे ख्रिस्ती’ असा शब्दही आला. म्हणून वेगळा विधी न करता एका रविवारी उपासनेनंतर छोटी समर्पणाची प्रार्थना झाली. नात तोवर सव्वा वर्षाची. झबलं तिच्या डोक्यातूनही जाईना. धाकट्या सुनेनं ते घडी घालून तिच्या खांद्यावर टाकलं, तिनं ते दोनदा खाली फेकलं.

धाकट्याला याची किंमत मोजावी लागली. फेलोशिपमध्ये काहींना त्याचं जुन्या देवळात जाणं आवडलं नाही. तो तिथे गाणी चालवायचा, ते काम काही महिने काढून घेतलं गेलं. पास्टर त्याच्या बाजूनं होते पण मंडळी त्यांच्याहून कडक निघाली. मी हे आधी ओळखून त्याला सावध करायला हवं होतं. मी सगळं लक्ष आईंच्या दुखऱ्या जागेवर ठेवलं; ज्या माणसांनी त्याला चाळीस संध्याकाळ सांभाळलं त्यांच्यापुढे तो कोणत्या तोंडानं उभा राहील, हे मी मोजलंच नाही.

आईंचं प्रेशर आटोक्यात आहे. त्या बाईंचा फोन आला तर घेतात. “प्रार्थना करा,” म्हणतात, “गोळीही घेतलीय.”

आता असं प्रकरण आलं तर

पाळकांना पहिल्या बैठकीत बोलावणार नाही. आधी घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्यानं बोलेन, आणि सुरुवात सुनेपासून करेन. या घरात सगळ्यांचा समज होता की धाकट्याला तिनं फिरवलं. उलट होतं, तो आधी फेलोशिपमध्ये गेला, तीच सुरुवातीला कचरत होती, कारण सासरी आपल्यावर नाव येणार हे तिला दिसत होतं. हे मला चौथ्या भेटीत कळलं, चहा गाळताना.

‘तो दोन वर्षं आला नाही’ असं कुणी म्हणालं, तर पान उलटण्याआधी विचारेन.

आणि थोरला. त्याला मी सुरुवातीपासून अडथळा म्हणून धरलं. आईचं दवाखान्यात नेणं-आणणं, बापाचं शेवटचं आजारपण, देवळाच्या छताची वर्गणी, सगळं त्यानं केलं. मग एक दिवस धाकटा ओल्या कपड्यांतला फोटो टाकतो आणि सगळं घर, आणि नंतर मी, त्याच्याभोवती गोळा होतो. उधळ्या पुत्राचा दाखला आम्ही सगळ्यांनी शंभरदा ऐकलाय : सगळं उधळून परतलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो, आणि घरीच राबलेला थोरला रागावून बाहेर थांबतो. थोरला शेवटी मेजवानीला आत गेला की अंगणातच उभा राहिला, ते लूकनं लिहिलेलं नाही. हे मला सुचलं तेव्हा प्रकरण माझ्यापुरतं मिटलेलं होतं. मी त्याला दोनदा फोन केला, दोन्ही वेळा त्यानं शाळेचं काम आहे म्हणून ठेवला.

येत्या पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, थोरल्याच्या मुलीचं दृढीकरण आहे. तिनं काकाला स्वतः फोन करून बोलावलं. तो येतो म्हणालाय. प्रभुभोजनाला पुढे जायचं की बाकावर बसून राहायचं, हे त्याचं अजून ठरत नाहीये, असं सून सांगत होती. थोरल्यानं त्याला तसं काही विचारलेलं नाही. बिशपांच्या मागच्या तिसऱ्या रांगेत, भिंतीकडची चार माणसांची जागा मात्र त्यानं धरून ठेवायला सांगितली आहे.